'ट्रॅव्हेल' : कष्टाच्या एका शब्दाची कुळकथा



इंग्रजीत कष्टाला शब्द पुष्कळ आहेत. त्यांतला एकच आज आम्ही घेतला आहे : ट्रॅव्हेल. अंग मोडून टाकणारे कष्ट, असा त्याचा अर्थ. बाळंतवेणांनाही हाच शब्द लावीत.

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर फ्रेंच भाषेतून जे असंख्य शब्द इंग्रजीत आले, त्यांपैकी हा एक. बहुतेक कोशकारांच्या मते त्याचे मूळ लॅटिन 'त्रिपालिउम' होय. 'त्रि' म्हणजे तीन आणि 'पालुस' म्हणजे खुंट. तीन खुंटांच्या या सांगाड्याला बांधून आरोपीचा छळ करीत. सहाव्या शतकात फ्रान्समधील ओसेर येथील धर्मसभेने नियम केला की, असा छळ चालतो तेथे धर्मगुरूंनी उभे राहू नये. छळच करू नये, असे तो नियम म्हणत नाही!

या सांगाड्यावरून 'छळणे' हे क्रियापद झाले. पुढे त्याचा अर्थ यातना भोगणे, मग राबणे असा होत गेला. आज फ्रेंच माणूस रोजच्या कामाला 'त्रावाय' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'त्राबाहो'. खुंट कोणालाच आठवत नाही. इंग्रजीत याच शब्दाला आणखी एक फांदी फुटली. ती म्हणजे 'ट्रॅव्हल', प्रवास. मध्ययुगातला प्रवास हालाचाच होता. सणासुदीला एस.टी.त उभ्याने गावी जाणाऱ्यास हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे 'श्रम' शब्दाच्या धातूचा अर्थ थकणे, झिजणे असा आहे. त्याच धातूपासून 'श्रमण' झाला, पालीत 'समण'. श्रमणाने कष्ट स्वतः पत्करलेले असतात. लादलेल्या कष्टाला मराठीत निराळा शब्द आहे : वेठ. आमच्या मते हा भेद फार मोलाचा आहे. 'ट्रॅव्हेल'मध्ये तो उरला नाही, म्हणून तो शब्द आम्हास अपुरा वाटतो. गावकीची वेठ आमच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. ती वतनाशी जखडलेली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडले.

संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने सक्तीच्या श्रमास बंदी केली आहे. विद्यार्थ्यांनी त्याची इंग्रजी प्रत ग्रंथालयात उघडून पाहावी. त्या इंग्रजी वाक्यात 'बेगार' हा आपलाच शब्द जसाच्या तसा छापलेला आहे.