आधी जोडी सोडा

जुन्या संगणकात रॅमची नवी पट्टी घातली की दोन दिवस तो कसा तरतरीत चालतो. मग अवचित निळा स्क्रीन येतो, एखादी झिप फाइल उघडेनाशी होते, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "विंडोज गेलं, फॉरमॅट मारा." अहो, थांबा! दोष रॅममध्ये असेल, तर नवं विंडोजही त्याच रॅममधून डिस्कवर उतरणार. ते धड कसं निघेल?

गाडीची बैलजोडी आठवा. दोन्ही बैल जुंपलेले असताना लंगडतोय कोण, ते कळत नाही. जोडी सोडायची आणि एकेकाला चालवून बघायचं. इथेही तेच. संगणक बंद करा, प्लग काढा, केसच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. मग एकच पट्टी ठेवा. तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसा, चुरा झटका आणि दोन्ही टोकांचे खटके लागेपर्यंत ती दाबून बसवा. अर्धवट बसलेली पट्टी हे बऱ्याच तक्रारींचं मूळ असतं.

आता पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावा. फुकट मिळतो. रात्रभर चालू द्या. दहा मिनिटांत चूक दाखवणारी लाल ओळ दिसली नाही म्हणून उठू नका. काही दोष यंत्र तापल्यावरच बाहेर पडतात. आणि लाल ओळ एकच आली तरी ती पट्टी नापास.

मग दुसरी पट्टी, त्याच स्लॉटमध्ये. पुन्हा सांगते, त्याच स्लॉटमध्ये. पट्टी आणि स्लॉट दोन्ही एकदम बदललेत, तर काहीच सिद्ध होत नाही. चांगली ठरलेली पट्टी नंतर दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. तिथे चुका आल्या तर बैल धड आहे, जू तडकलंय.

कधी दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास होतात आणि एकत्र अडखळतात. पाय धड, पण चाल जुळत नाही! एक १०६६ वेगाची, दुसरी १६००ची. अशा वेळी बायोसमध्ये मूळ सेटिंग लोड करा, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करा, वेग एक पायरी उतरवा आणि पुन्हा रात्रभर चाचणी घ्या.

डीडीआर३ प्रकारच्या रॅममध्ये दीड व्होल्टच्या आणि १.३५ व्होल्टच्या पट्ट्या वेगळ्या असतात. पट्टीवरचा आकडा दुकानातच वाचा. आणखी एक सांगायलाच हवं. रॅमवर संशय असताना त्या संगणकावर फोटोंचा बॅकअप घेऊ नका. कॉपी होताना प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते आणि गुपचूप बिघडू शकते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा, तिथून कॉपी करा. आणि आज रात्री एकच पट्टी. एकच!