ओळंबा ढळला आणि शाळा नदीत पडली



 थेट टोकियोच्या अझाबुदाई भागात जाऊ. तिथे एका जुन्या वेधशाळेच्या जागी जमिनीत धातूची एक खूण बसवलेली आहे. जपानच्या अक्षांश-रेखांशांचा हा मूळ बिंदू. वेधशाळेतलं ताऱ्यांचे वेध घेणारं यंत्र १९२३ च्या भूकंपात कोसळलं, म्हणून त्या जागी ही खूण आली. साऱ्या देशाचा नकाशा जिला टेकून उभा, तिचीच ही कहाणी.

आता समजा, टोकियोतल्या एका तरुणाला भूकंपाच्या वेळी आसरा घेण्यासाठी नेमलेल्या शाळा नकाशावर दाखवायच्या आहेत. त्याच्याकडे अक्षांश-रेखांशांसकट एक जुनी यादी आहे. खालचा नकाशा म्हणून तो त्सुकुबा इथल्या कोकुदो चिरीइन या सरकारी नकाशा संस्थेच्या टाइल्स घेतो. एकेक टाइल २५६ पिक्सेल लांब आणि तितकीच रुंद, पुस्तकात चिकटवलेल्या तिकिटांसारखी शेजारी शेजारी. लीफलेट या नकाशा-लायब्ररीत दहा-बारा ओळींचा कोड लिहिला की नकाशा पडद्यावर येतो. ठिपकेही उमटतात. पण एक शाळा नदीच्या पात्रात, दुसरी रेल्वे यार्डात. तरुण कोड तपासतो, कोड बरोबर. यादी तपासतो, आकडेही बरोबर. मग त्याच्या लक्षात येतं की सगळे ठिपके एकाच दिशेला, आग्नेयेला सरकले आहेत, आणि सगळे सारखेच: सुमारे ४५० मीटर.

या ४५० मीटरच्या मुळाशी आहे ओळंबा. मूळ बिंदूचं स्थान जुन्या काळी ताऱ्यांवरून ठरवलं गेलं, आणि ताऱ्यांचे वेध घेताना 'सरळ खाली' म्हणजे कुठे, हे ओळंबाच सांगणार. तो मात्र पृथ्वीच्या मध्याकडे नेमका झुकत नाही. एका बाजूला डोंगरांचं वजन, दुसऱ्या बाजूला समुद्रतळाचा खोल खंदक. ओळंबा जरासा ढळतो. त्यात पृथ्वीचा आकार धरला होता बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडलेला. गवंड्याला भिंत उभारायला ओळंबा पुरतो, देश उभारायला तो पुरला नाही. उपग्रह आल्यावर फरक उघड झाला आणि १ एप्रिल २००२ पासून जपानने कायद्यानेच जागतिक मोजणी पद्धत स्वीकारली. टोकियोजवळ अक्षांश सुमारे १२ सेकंदांनी वाढला, रेखांश तेवढाच घटला. शाळा जागची हलली नाही, तिचा पत्ता बदलला.

बरं, सगळीकडून ४५० मीटर वजा केले की झालं, असंही नाही. जुन्या मोजणीचं जाळं जागोजागी वेगवेगळं ताणलेलं होतं. म्हणून कोकुदो चिरीइनला साधारण एकेका किलोमीटरच्या चौकटीची दुरुस्ती असलेला वेगळा प्रोग्रॅम काढावा लागला.

जुन्या मोजणीदारांना हसण्याचं मात्र कारण नाही. इनो तादाताका हा सावारा गावचा साके गाळणारा व्यापारी. पन्नाशीच्या सुमारास धंदा मुलाच्या हाती देऊन तो एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, गेला आणि वयाने १९ वर्षांनी लहान असलेल्या गुरूकडे खगोलशास्त्र शिकू लागला. १८०० ते १८१६ या काळात दहा मोहिमा काढून त्याच्या पथकांनी जपानचा किनारा पायी मोजला. १८१८ मध्ये तो वारला. नकाशा पुरा झाला १८२१ मध्ये, मोठ्या प्रमाणावरचे २१४ तुकडे. त्याचे अक्षांश अचंबा वाटावा इतके नेमके आहेत. रेखांश होक्काइदो आणि क्युशूकडे घसरतात, कारण दोन ठिकाणची वेळ अचूक जुळवणारं साधन हाताशी नव्हतं. आपल्याकडे ३३ फुटी शंकू-साखळीने गुंठे मोजणाऱ्यांना या माणसाशी नातं सांगायला हरकत नाही.

यानंतर फायलींचं गाऱ्हाणं. नकाशाची माहिती साठवणारी शेपफाइल नावाला एक, प्रत्यक्षात तीन-चार फायलींचं बिऱ्हाड, त्यातली .पीआरजे हरवली की आकडे कुठल्या पद्धतीतले, हे सांगणारं कोणी उरत नाही. जुन्या जपानी फायलींतली गावांची नावं शिफ्ट-जेआयएस या लिपी-संकेतात असतात. ती युनिकोड समजून उघडली की नावांचा चिवडा होतो. त्याला जपानीत मोजिबाके म्हणतात. श्रीलिपीतली फाईल ज्याने दुसऱ्याच्या संगणकावर उघडली आहे, त्याला भाषांतराची गरज नाही. आणखी एक खोच: जपानने देशाचे १९ भाग पाडून मीटरमध्ये मोजण्याची जी पद्धत ठरवली आहे, तिच्यात एक्स उत्तरेकडे जातो आणि वाय पूर्वेकडे. शाळेत शिकल्याप्रमाणे रकाने वाचले की गाव भलतीकडेच जाऊन पडतं.

पण २००२ च्या दुरुस्तीनंतरही जमीन थांबली नाही. ११ मार्च २०११ च्या भूकंपात ओशिका द्वीपकल्पावरचं उपग्रह-नोंद केंद्र ५.३ मीटर सरकलं आणि १.२ मीटर खचलं. अझाबुदाईचा मूळ बिंदूही २७ सेंटिमीटर पूर्वेकडे गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नवे आकडे लागू झाले. म्हणजे जपानी फाईल हाती आली की पद्धत कोणती एवढंच विचारून भागत नाही. मोजणी भूकंपाच्या आधीची की नंतरची, हेही विचारावं लागतं.

त्या दिवसांत ठिपक्यांनी केलेलं कामही सांगायला हवं. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी होंडाने आपल्या गाड्यांतल्या दिशादर्शक यंत्रणेवरून, गाड्या खरोखर गेल्या त्या रस्त्यांची माहिती सर्वांसाठी खुली केली. १४ मार्चला गूगलने ती आपल्या नकाशावर चढवली. मदत नेणाऱ्याला त्यावरून वाट दिसली. मात्र जिथे रेघ नाही तो रस्ता बंद, असा अर्थ काढणं चूक होतं. तिथून होंडाची गाडी गेली नव्हती, एवढंच ती कोरी जागा सांगत होती. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर सेफकास्ट या गटाच्या स्वयंसेवकांनी गाडीच्या खिडकीला गायगर-मापक आणि जीपीएस बांधून दर पाच सेकंदांनी किरणोत्सर्गाची नोंद घेतली. एकाच गावातल्या दोन रस्त्यांतला फरक त्यांच्या नकाशावर दिसू लागला.

शेवटचा थर दगडांचा आहे. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत हिरोशिमा प्रांतातल्या साका गावच्या कोयाउरा वस्तीवर डोंगरातून चिखल-दगड कोसळले. १९०७ च्या पुराची आठवण देणारा शिलालेख वस्तीत आधीपासून उभा होता, पण तो वाचायला फारसं कोणी थांबत नसे. पुढच्याच वर्षी कोकुदो चिरीइनने अशा शिलांसाठी नकाशात नवं चिन्ह आणलं: स्मारकाच्या जुन्या चिन्हाच्या मधोमध एक उभी रेघ, कोरलेल्या अक्षरांसाठी. गावांनी आपापल्या शिला कळवल्या. आता पडद्यावर त्या चिन्हाला टिचकी मारली की शिलेचं छायाचित्र उघडतं, आणि त्याखाली कोणत्या साली पाणी आलं, किती माणसं गेली, ते वाचता येतं.