कलाशाळेची फी आणि मुंबईचं भाडं

(वसंत व्याख्यानमाला, पुष्प तिसरे)



पहिल्या रांगेतले पालक वह्या उघडून बसलेत. म्हणजे यांना भाषण नको, आकडा हवाय. (हशा)

जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा इतिहास सांगत नाही. १८५७, जमशेटजी जीजीभाईंची देणगी, तिथं शिकवणारे थोरले किपलिंग, हे तुम्हांला पाठ आहे. खासगी डिझाइन संस्थांची फी वर्षाला लाखांत जाते, हेही ठाऊक आहे. पण सरकारी कॉलेजात नंबर लागला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी कॉटबेसिसचं भाडं, खाणावळ आणि रंगांचं बिल एकदा मांडून बघावं. नागपूरच्या कलाशाळेत शिकून चित्रकार रझा मुंबईत आले, तेव्हा पोटासाठी त्यांनी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी धरली. मुंबई तेव्हाही फुकट नव्हती.

मग मोठ्या नावाचे पैसे मोजून मिळतं काय? माझं ठाम मत आहे, सोबत मिळते. पण सोबत फीशिवायही जमते. १९४७चा चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप बघा. सूझांना जे. जे.नं १९४५ मध्ये काढून टाकलेलं, हुसेन सिनेमाचे बोर्ड रंगवत आलेले, आरांनी लोकांच्या घरी नोकरी केलेली.

मागून कुणी ‘गायतोंडे’ म्हणालं. मान्य! गायतोंडे जे. जे.चेच, १९४८ची पदविका. अहो, मी संस्थेच्या विरोधात नाही, माजी विद्यार्थ्यांनी खुर्च्या सरकवू नयेत. (हशा)

पण मग कोल्हापूरचे बाबूराव पेंटर कुठल्या कॉलेजचे? कुठल्याच नाही. सुतारकाम घरचं. आनंदराव त्यांचे आतेभाऊ-मामेभाऊ म्हणा, चुलत म्हणा, नात्याचा वाद नको; दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा पाहिला आणि कॅमेरा स्वतःच बनवायचं दोघांनी मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला. १९२०ला त्यांचा ‘सैरंध्री’ सिनेमा पडद्यावर. पुढे त्यांच्या सिनेमा कंपनीत शांताराम, दामले, फत्तेलाल हे दिग्दर्शक तयार झाले. फी कुणी भरली होती? तिथं प्रवेश परीक्षा होती ती अंगमेहनतीची. बाबूरावांनी रंगवलेल्या सिनेमाच्या पोस्टरांबद्दल तर एक स्वतंत्र—

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पोस्टरं पुढच्या वर्षी.

तर पालकहो, माहितीपत्रक घरी ठेवा आणि वर्ग सुटल्यावर कॉलेजात जा. सहा वाजता ड्रॉइंग हॉलला कुलूप असेल, तर तिथं स्वस्तातही जाऊ नका. पोरं वाद घालत काम करत बसलेली असतील, सर स्वतः चित्रं काढत असतील, तर चार पैसे जास्त मोजा. मात्र त्यासाठी जमीन विकू नका. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या पोराला पहिली दोन-तीन वर्षं घरूनच पैसे लागतात. ते बाजूला काढलेत का, हा माझा खरा प्रश्न आहे.

शिष्यवृत्त्यांचा भाग राहिला. अध्यक्ष घड्याळाकडं बघताहेत. ज्यांना हवं त्यांनी बाहेर चहाच्या टेबलापाशी मला गाठावं.