चावीच्या आधी दोन फेरे



आकाशवाणीच्या मंडळींनी मला सांगितलं होतं, गाडीच्या देखभालीवर सर्वसाधारण बोला. टायरची हवा, कूलंट, बॅटरी, उन्हाळ्यातली काळजी. वेळ उरला तर बोलतो. उरेल असं वाटत नाही, कारण जालना एमआयडीसीत गॅरेज चालवताना माझा जीव एकाच गोष्टीत अडकून बसलाय. टायमिंग बेल्ट बदलला की चावी मारायच्या आधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. क्रँकच्या बोल्टला पाना लावून, दोन पूर्ण फेरे.

ज्यांच्या गाडीत बेल्टऐवजी चेन आहे त्यांनी तोवर चहा टाकायला हरकत नाही. पण जुनी डिझेल इंडिका, व्हेरिटो, डिझेल डस्टर, जुनी अडीच लिटरची इनोव्हा, या गाड्या आपल्याकडे अजून ढिगाने पळताहेत आणि त्यांच्या पोटात रबरी दातांचा पट्टा आहे. हा दातेरी पट्टा मुळात शिलाई मशीनसाठी निघाला, बरं का. गाडीच्या इंजिनात तो 1962 च्या सुमारास जर्मनीच्या ग्लास कंपनीने आणला. पण तो इतिहास पुन्हा कधीतरी.

मिरच्या कांडताना दोन जावा एकाच उखळाशी समोरासमोर उभ्या राहिलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली. उखळ एकच, जागा एकच, वेळ तेवढी वेगळी. पिस्टन आणि व्हॉल्व यांचा संसार असाच चालतो. व्हॉल्व ज्या जागेत उतरतो तिथेच क्षणभराने पिस्टन चढून येतो. दोघींचा ठेका सांभाळतो तो हा पट्टा. तो तुटला की एक जाऊ मुसळ उखळात ठेवून तशीच उभी राहते, आणि दुसरीला त्याचा पत्ताच नसतो, ती हाणतेच. समृद्धी महामार्गावर इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांनी चाललं असेल तर क्रँक सेकंदाला 50 वेळा फिरतो आणि एकेक व्हॉल्व 25 वेळा खाली येतो. ‘अगं थांब’ म्हणायला सवड कुठली? व्हॉल्व वाकतात, हेड उतरवावं लागतं, आणि जे बिल येतं त्यात बेल्टची किंमत शोधून सापडत नाही. काही पेट्रोल इंजिनांत दोघींची उखळंच वेगळी असतात, तिथे नुसती गाडी बंद पडते. तुमची त्यातली आहे का, मेकॅनिकला विचारून ठेवा.

पण तुटलेल्या पट्ट्याबद्दल मला आज बोलायचं नाही. मला बोलायचंय ते नव्या कोऱ्या, पण एका दाताने चुकलेल्या पट्ट्याबद्दल. मुसळं बहुधा आदळत नाहीत, ठेका तेवढा बिघडतो. गाडी चालते, आणि चालते म्हणूनच फसवते. सकाळी सेल्फ लांबवर मारावा लागतो, चढावर दम लागतो, अ‍ॅव्हरेज पडतं. डिझेलचा पंपही त्याच पट्ट्यावर असेल आणि तो मागे पडला असेल, तर पांढरा धूर. पुढे गेला असेल, तर ठोकल्यासारखा आवाज. मालक मात्र दोष देतो डिझेलला. आमच्याच भागातल्या एका रोलिंग मिलच्या सुपरवायझरची गाडी आली होती. इंजेक्टर साफ करून झाले होते, पंप उतरवून झाला होता. कव्हर काढलं तर कॅम, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, एक दात मागे. बेल्ट बदलल्या दिवसापासून तसाच. अहो, तक्रार बेल्टच्या कामानंतर सुरू झाली ना? मग इंजेक्टरला हात लावायच्या आधी बेल्टचं कव्हर उघडायला काय हरकत होती?

चुकतं कुठे ते सांगतो. पोरं जुन्या पट्ट्यावर व्हाइटनरने रेघा मारतात आणि त्याच नव्यावर उतरवतात. आधीचा गडी चुकला असेल तर त्याची चूक तुम्ही इमानाने उतरवून घेता. कंपनीच्या खुणा दातेरी पुल्यांवर आणि इंजिनावर असतात, त्या बघा. बाहेरच्या मोठ्या पुलीवरच्या खुणेवर विसंबू नका. तिच्यात रबर असतं आणि जुनी झाली की कडी सरकते. दुसरी चूक सैलपणाची. पट्टा चढवताना सगळी ढील टेन्शनरच्या, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाच्या, बाजूलाच राहिली पाहिजे. ती दुसऱ्या बाजूला लपली, तर खुणा जुळलेल्या दिसतात आणि इंजिन फिरताच कॅम एक दात घसरतो. ही लपलेली ढील काढायला उपाय एकच. हाताने दोन फेरे.

दोनच का? क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व एकदा उघडून मिटलेला असतो. जावासुद्धा पहिले घाव हळूच टाकून बघतात की नाही? तसंच. ग्लो प्लग काढून ठेवा, हात हलका जातो. न काढता फिरवलंत तर कॉम्प्रेशन अडवतं, पण तुम्ही थोडं थांबलात की ते सैल पडतं. लोखंडाला लोखंड लागलं तर टक्कन थांबतं आणि थांबूनच राहतं. तिथे जोर करू नका. हाताला हा फरक कळतो, सेल्फ मोटरला कळत नाही. आणि पाना फिरवायचा तो इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने, क्रँकवरच. कॅमच्या बोल्टवर नको, आणि एअर गन तर अजिबात नको!

फेरे झाले की पुल्यांच्या खुणा पुन्हा जुळवून बघा. पट्ट्यावरच्या रेघा आता जुळणार नाहीत. घाबरून सगळं परत सोडू नका. पट्टा आणि पुल्या यांच्या दातांचा हिशेब वेगळा असतो, रेघा सरकणारच. पुल्यांच्या खुणा जुळल्या म्हणजे झालं. हे दोनदा सांगतो, कारण नेमक्या इथेच चांगलं झालेलं काम लोक बिघडवतात: पुलीच्या खुणा बघा, पट्ट्याच्या रेघा नकोत.

खालचं कव्हर बसवायचा कंटाळा करू नका. एमआयडीसीच्या रस्त्यांवर लोखंडाची बारीक भुकटी उडते, ती दातांत बसली की पट्टा झिजतो. नवा पट्टा घडी घालून किंवा पिळून ठेवू नका, आत काचेच्या तंतूंचे दोर असतात. आणि मालक मंडळी, गाडी टाकून ‘संध्याकाळी लग्नाला जायचंय’ असं म्हणत उंबऱ्यात उभे राहू नका हो. त्या घाईतच हे फेरे गळतात.

काचेपलीकडून खूण होतेय. टेन्शनर राहिला. त्याचं बेअरिंग बोटाने फिरवून बघा, खरखर लागली तर... नाही, न लागली तरी पट्ट्याबरोबर बदलाच. आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही, कारण पंप गळायला लागला की पाणी थेट... बरं, बरं. नमस्कार.