पुली निघत नाही तेव्हा

शेतकरी बंधुभगिनींनो आणि शिक्षक मित्रहो, आजचा विषय दिसायला लहान आहे. इंजिनावर घट्ट बसलेली पुली काढावी कशी? मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, यंत्रविद्या नव्हे. पण ही गोष्ट मी नुकसान पाहून शिकलो.

माहूरच्या डोंगराखाली पैनगंगेच्या काठी आमच्या काकांचे शेत. मी तेव्हा शाळेत होतो. गहू दाणा भरण्याच्या बेतात होता आणि इंजिनाचा पट्टा घसरू लागला. पुली झिजली होती, बदलायची होती. पण गंजामुळे ती दांड्याला चिकटून बसलेली. काकांनी घण उचलला. तिसऱ्या घावाला पुलीचा कडेचा तुकडा उडाला आणि त्यांच्या मनगटात घुसला. दांड्याचे टोकही चेपले, म्हणून नवी पुली चढेना. दांडा दुरुस्तीला किनवटला गेला, चार दिवस मोडले आणि ऐन वेळचे पाणी चुकले. दाणा बारीकच राहिला.

चूक कोठे झाली? पुष्कळशा पुल्या बिडाच्या असतात. बीड दाब सोसते, घाव सोसत नाही; ते तडकते. शिवाय प्रत्येक घाव दांड्यावाटे आत बेअरिंगला पोचतो.

पुढे एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला रीत दाखवली. आधी इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, मग पट्टा उतरवावा. पुलीवर आवळस्क्रू असेल तर तो काढावा. पुली आणि दांडा यांमधली चावी बाहेरून निघण्याजोगी असेल तर तीही काढावी. अनेकदा सारा अडथळा त्या छोट्याशा पाचरीचाच असतो! फटीत डिझेल किंवा पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावे. सकाळी पुलर लावावा. त्याचे पाय पुलीच्या मधल्या जाड भागामागे अडकवावेत, कडेला नव्हे. स्क्रूचे टोक दांड्याच्या बरोबर मध्ये यावे. पान्हा हळूहळू फिरवावा आणि आपण समोर उभे राहू नये, कारण पुली एकदम सुटते.

तरीही हलली नाही, तर मधल्या भागावर उकळते पाणी ओतावे. तेल लावलेल्या जागी जाळ मात्र कदापि नको. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती तापवतो ना? तेच तत्त्व. पंचवीस मिलिमीटरचे भोक सत्तर अंश तापले की मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतके फुगते. एवढ्यानेही गंजाची पकड सैल होते.

शिक्षक मित्रहो, यात विज्ञानाचा धडाच आहे. पान्हा वीस सेंटिमीटर लांब असेल तर एका फेऱ्यात हात सुमारे सव्वा मीटर फिरतो. स्क्रू पुढे जातो दोन मिलिमीटर. घर्षण नसते तर जोर सहाशे पटींहून वाढला असता. घर्षण बरेच खाते, तरीही उरलेला जोर घणापेक्षा शहाणा असतो. वर्गात एक जुनी पुली आणि पुलर आणून मुलांच्या हाती द्या.

किर्लोस्करवाडी 1910 साली वसली, लोखंडी नांगर शेतोशेती गेले. पाठोपाठ इंजिने आली. यंत्र दारी आले, पण ते खोलण्याची विद्या घरोघरी पोचलेली नाही. गावात चार-पाच घरांनी मिळून एक पुलर घेतला, तर त्याची किंमत एका चुकलेल्या पाण्यापेक्षा नक्कीच कमी पडेल.

एवढे लक्षात ठेवा : अडलेल्या वस्तूला आधी विचारावे, ती कशाने अडली आहे. घण नंतरही मिळतो.