अपस्मार : उपचारांना आधार शास्त्राचा



ज्याला लोक फिट, फेफरे किंवा मिरगी म्हणतात, तो अपस्मार मेंदूचा विकार आहे. ती बाधा नव्हे, देवाचा कोप नव्हे आणि तो संसर्गजन्यही नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. अचूक निदान व योग्य औषध मिळाल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला. येथील संत्रा बागायतदार फवारणीचे प्रमाण ऐकीव गोष्टींवरून ठरवीत नाही. प्रयोगांनी पारखलेली शिफारस तो पाहतो. उपचारांची मार्गदर्शक सूत्रे हीही तशीच शिफारस होय. असंख्य रुग्णांचा अनुभव पडताळून कोणाला कोणते औषध, किती व किती काळ द्यावे, हे ती सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली अशी सूत्रे खास सामान्य डॉक्टरांसाठी प्रसिद्ध केली. त्यामुळे प्रत्येक रुग्णाला नागपूर गाठावेच लागते असे नाही.

प्रारंभ एकाच औषधाने, अल्प मात्रेने करावा. १९१२ पासून वापरात असलेले फेनोबार्बिटोन आजही उपयुक्त व स्वस्त आहे. झटके थांबले म्हणून औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे. किमान दोन वर्षे झटका न आल्यासच डॉक्टर त्याचा विचार करतात. नवा पुरावा मिळाला की सूत्रेही बदलतात. व्हॅल्प्रोएट हे औषध गुणकारी, परंतु गर्भास अपायकारक. म्हणून मुली व प्रजननक्षम वयातील स्त्रियांना ते देऊ नये, अशी शिफारस २०२३ साली झाली. तरीही ते घेत असलेल्या स्त्रीने स्वतःहून न थांबवता डॉक्टरांना भेटावे.

झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा वा जोडा हुंगवू नये. पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर तत्काळ रुग्णालयात न्यावे.

शिक्षकांनी अशा मुलांस शाळेबाहेर ठेवू नये. अधिकाऱ्यांनी आरोग्य केंद्रात औषध अखंड मिळेल हे पाहावे. एका आठवड्याचा खंडही जिवावर बेतू शकतो. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची आडकाठी १९९९ साली दूर झाली. कायद्याने जे मान्य केले, ते समाजानेही मान्य करावे.