आठवड्यातून एकदा

(मंडळाच्या गणेशोत्सवात रविवारच्या सायंकालीन कार्यक्रमात केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच मांडवात मी 'रूळ थंडीत का तुटतात' या विषयावर वीस मिनिटे बोललो होतो. पुढच्या रांगेतील दोन आजोबा तेव्हा शांतपणे झोपी गेले होते. त्यामुळे यंदा मी चिटणीसांकडून विषय बदलून मागून घेतला. विषय घरचा आहे. सौ.ची परवानगी घेतली आहे. काल रात्री तिला सगळे वाचून दाखवले. तिने दोन ठिकाणी काट मारली आणि एका ठिकाणी 'हे असं घडलं नव्हतं' म्हणून दुरुस्ती करून घेतली. तेव्हा आता जे सांगतो ते दोघांच्या सहीचे आहे असे समजा.

2013 ची दिवाळी. मी तेव्हा दुसऱ्या विभागात होतो, गाव सांगत नाही. चकल्या करताना हिला सोऱ्या फिरवता येईना. 'तू फिरव,' म्हणाली. मी दोन घाणे फिरवले आणि कामावर निघून गेलो. मग एकेक गोष्टी बंद पडत गेल्या. गॅसचे बटण फिरेना, मुलीची वेणी घालता येईना, बरणीचे झाकण उघडेना. हातातल्या बांगड्या निघेनात, कारण बोटांची पेरे सुजली होती. हे सगळे सकाळी. दहा-साडेदहानंतर हात सैल पडत आणि ही नेहमीसारखी कामाला लागे. मी घरी येईपर्यंत सगळे ठीकठाक. मला वाटे, काम थोडे जास्त होत असेल.

कॉलनीच्या हेल्थ युनिटमध्ये गेलो. डॉक्टरांनी विचारले, काय होते? हिने सांगितले, 'हाथ में दर्द है.' पेनकिलर आणि कॅल्शियम मिळाले. महिन्याने परत तेच. असे जवळजवळ वर्ष गेले.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण आपण सगळे घराबाहेर हिंदीत राहणारी माणसे आहोत. दुखण्यासाठी आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. ठणकते, सलते, कळ येते, चमक भरते, रग लागते, मुंग्या येतात, आखडते, अवघडते, ठसठसते. आजीला यातला प्रत्येक शब्द वेगळा कळत होता. दवाखान्याच्या खिडकीशी पोहोचलो की या सगळ्याचे एकच होते, 'दर्द'. हिला खरे म्हणजे सांगायचे होते की सकाळी बोटे मिटत नाहीत, तास-दीड तास आखडलेली असतात, आणि दोन्ही हातांची तीच तीच बोटे. 'जकड़न' हा शब्द तेव्हा ना तिला सुचला ना मला. पुढे मोठ्या दवाखान्यातल्या एका नर्सबाई निघाल्या अमरावतीच्या. त्यांच्याशी मराठीत बोलताना हिने सगळे दोन मिनिटांत सांगितले. त्या बाई आत गेल्या, डॉक्टरांशी बोलल्या, आणि त्याच दिवशी आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर अशा तपासण्या लिहून मिळाल्या. सकाळचे आखडणे हीच त्या आजाराची मोठी खूण असते, हे आम्हाला तेव्हा कळले.

आजाराचे नाव ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे वैद्य याला आमवात म्हणतात. वयाने गुडघे झिजतात तो हा नव्हे. यात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने आढळतो, आणि तरुणपणीही होतो. हिला छत्तिसाव्या वर्षी झाला. पूर्ण बरा होत नाही, पण लवकर औषध सुरू झाले तर सांधे वाचतात. आमचे एक वर्ष गेले होते. उजव्या हाताची दोन बोटे तेवढ्यात वाकडी झाली, ती आजही तशीच आहेत.

निदान झाल्यावर खरी धावपळ सुरू झाली. रेल्वेच्या वैद्यकीय सोयीबद्दल मी कृतघ्नपणे बोलणार नाही. खासगीत हा खर्च मला झेपला नसता. पण त्या सोयीपर्यंत पोहोचायला किती चालावे लागते ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. हेल्थ युनिटची चिठ्ठी घेऊन विभागीय रुग्णालय, तिथून शिफारसपत्र, त्यावर सही, सही करणारे साहेब मीटिंगमध्ये. मग संधिवाताच्या तज्ज्ञाकडे दुसऱ्या शहरात, रात्रीच्या गाडीने. तज्ज्ञांनी लिहिलेले औषध परत आपल्या रुग्णालयात आणून नव्याने लिहून घ्यायचे. औषध साठ्यात नसले तर लोकल परचेस, म्हणजे चार दिवसांनी या. आता उमीद कार्ड आहे, नोंदी संगणकावर होतात. तेव्हा सगळे कागदावर होते.

मी ठरवले की हे काम आपण हातात घ्यायचे. एक फाईल केली. दोन पंच, प्लास्टिकची पाने, तारखेनुसार अनुक्रम. ऑफिसातसुद्धा माझ्या फाईली इतक्या नेटक्या नसतात. डॉक्टरांसमोर फाईल मी उघडायचो, प्रश्नांना उत्तरे मी द्यायचो. 'भूक लागते का?' 'लागते, सर.' ही शेजारच्या स्टुलावर बसलेली. एकदा बाहेर आल्यावर म्हणाली, 'मला भूक लागत नाहीये.' मी म्हटले, 'मग आत का नाही बोललीस?' आज मांडवात उभे राहून हे वाक्य म्हणताना मला लाज वाटते, पण काल तिने यावर काट मारली नाही.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबर 2014. तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू केली. या आजारातले हे जुने आणि भरवशाचे औषध आहे, पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. त्याच्याबरोबर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात. आमच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट रविवारी आणि फॉलिक अ‍ॅसिड बाकीच्या दिवशी असे होते. परत आल्यावर ती औषधे आपल्या इथल्या कागदावर उतरवली गेली. उतरवताना उलटापालट झाली. मेथोट्रेक्सेट रोज एक, फॉलिक अ‍ॅसिड आठवड्यातून एक. कोणी लिहिले, किती घाईत लिहिले, मला माहीत नाही. त्या दिवशी माझा रांगेतला नंबर 74 होता. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळसर.

संध्याकाळी पाकीट हातात घेऊन ही म्हणाली, 'ते डॉक्टर रविवार असं काहीतरी म्हणाले होते ना?'

मी बूट घालत होतो. थंडीचे दिवस, रात्रीची गस्त सुरू झालेली. थंडीत रूळ आकसतात, पहाटे वेल्ड तुटण्याची भीती असते, म्हणून आमची माणसे रात्रभर रुळांवरून चालतात आणि आम्हाला त्यांच्यामागे जावे लागते. मी म्हटले, 'रविवारी ओपीडी बंद असते असं म्हणाले असतील. कागदावर रोज लिहिलंय ना, मग रोज घे. प्रत्येक गोष्टीत शंका काढू नकोस.'

तिने रोज घेतली. सहा दिवस.

पाचव्या दिवशी जेवताना म्हणाली, आमटी तिखट झालीय. आमटी तिनेच केली होती आणि तिखट नव्हती. सहाव्या दिवशी तोंड आतून सोलले गेले होते, पाणी गिळवत नव्हते. सातव्या दिवशी पहाटे मी गस्तीवरून आलो तर ती तापाने फणफणली होती. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या होत्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, कोणती औषधे चालू आहेत? मी फाईल उघडून दिली. त्यांनी पाने उलटली आणि एका पानावर बोट ठेवले. तज्ज्ञांची मूळ चिठ्ठी. 'वन्स अ वीक, संडे,' स्वच्छ अक्षरात, खाली रेघ मारलेली. सहा दिवस ती माझ्याच फाईलमध्ये, माझ्याच अनुक्रमाने लावलेली होती. मी ती परत एकदा वाचली नव्हती.

त्या औषधावर उतारा असतो, फोलिनिक अ‍ॅसिड. ते लगेच सुरू झाले म्हणून निभावले. आठ दिवस ही रुग्णालयात होती. मुलगी शेजारच्या तेलुगू कुटुंबाकडे जेवत होती, त्यांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत.

सहकाऱ्यांना हे कळेल. ब्लॉक संपल्यावर रूळ फिट आहेत असे मी लिहून, सही करून दिल्याशिवाय त्यावरून गाडी जात नाही. स्टेशन मास्तर आणि गेटमन प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण केल्याशिवाय फोनवरचा शब्द धरत नाहीत. समोरचा माणूस कितीही ओळखीचा असो, ऐकलेले परत म्हणून दाखवायचे, नंबर लिहून घ्यायचा, मगच फाटक बंद झाले असे मानायचे. नोकरीत इतकी वर्षे मी हे पाळतो. घरात एका माणसाने शंका काढली तर मी तिला गप्प केले.

अर्थात त्या आठवड्यात मला हे सुचले नव्हते. तेव्हा मी फक्त चिडलो होतो. रुग्णालयाच्या बाकावर बसून चार पानी तक्रार लिहिली, त्यात नियमांचे क्रमांकसुद्धा घातले. हिला वाचून दाखवली. तिला बोलायला त्रास होत होता. म्हणाली, 'बरोबर आहे सगळं. त्यांनी चुकीचं लिहिलं. पण मला घे असं कोण म्हणालं?' एवढेच. रागाने नाही. रागावली असती तर मला सोपे गेले असते.

तक्रार दिली, मात्र एका पानाची. उत्तर आले, 'संबंधितांना आवश्यक सूचना देण्यात आल्या आहेत.' मी हसलो, कारण अशी उत्तरे मीही लिहीत आलो आहे. पुढच्या वेळी गेलो तेव्हा औषधवाटपाच्या खिडकीतले गृहस्थ त्या गोळीच्या पाकिटावर लाल पेनाने वार लिहीत होते. सूचनेमुळे की स्वतःच्या मनाने, मी विचारले नाही.

घरी आल्यावर हिने फाईल मागून घेतली. तेव्हापासून ती तिच्याकडे आहे. माझा अनुक्रम तिने मोडला, आता कागद तिला सापडतील तसे असतात. डॉक्टरांसमोर ती बोलते, मी वहीत लिहून घेतो. आदल्या रात्री दोघे बसून आधी मराठीत यादी करतो, कुठे ठणकते, काय आखडते, आणि मग त्याचे हिंदी शोधतो. कधीकधी हिंदी मिळत नाही, तेव्हा ती हाताने करून दाखवते. डॉक्टरांना ते बरोबर समजते. एकदा माझ्या सेक्शनमध्ये रूळ तुटला म्हणून मला जाता आले नाही, तर ही एकटी गेली. शिफारसपत्र, सही, औषध, सगळे एका दिवसात करून आली. मला दोन दिवस लागत. विचारले कसे, तर म्हणाली, 'मी भांडत नाही, बाकावर बसून राहते. माणसं आपणहून विचारतात.'

सगळे गोडीगुलाबीने चालते असे मात्र समजू नका. थंडीत पहाटे तिचे हात सगळ्यात वाईट असतात आणि नेमका तेव्हाच मी रुळांवर असतो. हे वर्षानुवर्षे असेच आहे, यावर तोडगा निघालेला नाही. चहाचे भांडे तिच्या हातातून सुटते, तेव्हा माझ्या तोंडून 'अगं सांभाळून' निघतेच, आणि मग दुपारपर्यंत घरात शांतता. औषधाचा गुण यायला आठवडे लागतात, मध्येच रक्त बिघडले तर डोस कमी होतो आणि परत दुखणे वाढते. डोळ्यांची तपासणी असते, दर तीन महिन्यांनी रक्त. रांगा आहेतच. गावाहून फोन येतात, मेथीचे लाडू दे, निर्गुडीने शेक, आंबट बंद कर. आम्ही 'हो' म्हणतो. निर्गुडीने शेकून तिला बरे वाटते हेही खरे, पण गोळी बंद करायची नाही एवढे पक्के.

भगिनींना एक सांगायचे आहे. आपल्या मंडळात आल्यावर पहिली दोन वर्षे ही मोदकांच्या सेवेला आली नाही. दर वेळी काहीतरी कारण सांगायची. काहींना ते शिष्टपणाचे वाटले, कानावर आले होते. कारण एवढेच होते की तिच्या बोटांना कळ्या पाडता येत नाहीत, आणि लग्नाआधीपासून तिचे मोदक नावाजलेले होते. हा आजार चेहऱ्यावर दिसत नाही. 'अगं छान दिसतेस की, आता बरी आहेस ना' असे कोणी म्हटले की ती हसून मान हलवते आणि घरी येऊन गप्प बसते. यंदा ती आली. उकड मी मळली, गरम असताना मळावी लागते, हात भाजून निघतात. कळ्या आमच्या मुलीने पाडल्या. नैवेद्याच्या ताटात कोपऱ्यात पाच मोदक जरा कलंडलेले दिसले असतील, ते आमचे.

दर रविवारी रात्री साडेनऊला गोळीची वेळ असते. ही पाकिटावरचे मोठ्याने वाचते, नाव, किती मिलिग्रॅम, वार. मी ऐकून परत म्हणतो. मग ती घेते. मुलगी लहान असताना या प्रकाराला हसायची, आता ती नसली तरी फोनवरून विचारते, 'प्रायव्हेट नंबर झाला का?'

आज रविवार आहे. नऊ वाजून गेले, आरतीचे तबकही तयार दिसते आहे. आरती झाली की आम्ही दोघे निघू, प्रसाद डब्यात द्यावा ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!